सोयाबीनचं रायझोबियम पाकीट - दोन हंगाम वापरून सांगतोय

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू, पेरणीआधी बियाण्याला लावायचे. मागच्या वर्षी फरकच दिसला नव्हता. दुकानदाराने खोकं पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं, आतले जिवाणू घरी येईपर्यंत मेलेलेच असणार. यंदा दुसरीकडून घेतलं, सावलीतलं, तारीख बघून. हे विरजणासारखं आहे बघा, जिवंत असेल तरच लागतं.

२५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, मला एकरी ३० किलोला ३ लागली. बुरशीनाशक आधी लावून घेतलं, मग गुळाच्या थंड पाण्यात काळी भुकटी कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळली (जोरात चोळलं की सोयाबीनचं साल निघतं), सावलीत गोणपाटावर सुकवलं आणि लगेच पेरलं. चार तासं (पेरणीच्या ओळी) मुद्दाम बिनालावलेली ठेवली.

चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची झाडं खोऱ्याने मातीसकट काढून पाण्यात धुतली. लावलेल्याच्या सोटमुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींचा झुपका, एक गाठ नखाने फोडली तर आत लालसर गुलाबी, अंगठ्याला रंग लागला. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्याच प्रथिनाचा, आणि तो दिसला म्हणजे गाठ काम करतेय. झाड जिवाणूला साखर देतं, जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतो, दोघांचं भागतं. न लावलेल्या तासांत गाठी मोजक्याच, त्यातल्या काही आतून पांढऱ्या, म्हणजे खाऊन बसलेल्या आणि नत्र काही नाही. पण सोयाबीन असल्या गाठींचा ऑक्सिजन कमी करून त्यांना आवरतं, हे वाचल्यापासून मला या पिकाबद्दल फार आदर वाटतो. आमच्या बांधाकडच्या लसूणघासाला अमरवेल लागलीय तिला असं आवरता येत नाही, ती पिवळी दोरी मातीत मूळ न ठेवता नुसता रस ओढते, घास वाळत चाललाय.

युरिया जास्त टाकू नका. नत्र आयतं मिळालं की झाड गाठी कमी करतं आणि पाकिटाचे पैसे वाया.

तक्रार एकच, मुदतीची तारीख फार बारीक छापलीय, चष्मा लावूनही दिसेना.

५ पैकी ४ स्टार. रब्बीला हरभऱ्याचं पाकीट वेगळं घ्या, सोयाबीनचं उरलेलं तिथे चालत नाही, त्याचा जिवाणू वेगळा.