पहिला हक्क दुसऱ्याचा असलेलं घर: बहिणीचा की भाडेकरूचा?

ठाण्यात एखाद्या फ्लॅटचा भाव आजूबाजूपेक्षा कमी दिसला की कारण विचारावं. "बहिणीचा पहिला हक्क आहे, पण ती काही घेणार नाही," असं उत्तर येतं, नाहीतर "भाडेकरूला पहिला हक्क लिहून दिलाय, पण तो काही अडवणार नाही." पहिला हक्क म्हणजे घर विकायला निघालं की ते इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क. ऐकायला दोन्ही सारखंच. माझ्या मते दुसरं घर नीट कागद करून घेता येतं. पहिल्याला बहिणीच्या सहीशिवाय हातही लावू नये.

समजा, नौपाड्यात वडिलांच्या नावावरचा जुना फ्लॅट आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, आई आधीच गेलेली, वारस मुलगा आणि मुलगी. मुलगा आपला अर्धा हिस्सा विकायला काढतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क बहिणीला आहे, आणि किमतीवर एकमत झालं नाही तर किंमत कोर्ट ठरवतं. हा हक्क कायद्यानेच मिळालेला, त्याची नोंदणी कुठे होत नाही. तुम्ही नोंदणी कार्यालयातल्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) तपासा, त्यात तो सापडायचा नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून एकट्या भावाचं नाव चढलेलं असतं आणि घेणारा तिथेच निर्धास्त होतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहिणीचा हिस्सा जागच्या जागी असतो.

तरीही कोणी तो हिस्सा घेतलाच, तर पुढे काय? कुटुंबाच्या एकत्र राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ एकत्र ताबा मागू देत नाही. तुम्ही वाटपाचा दावा लावला, तर विभाजन कायदा, १८९३ च्या कलम ४ खाली बहीण तुमचाच हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला मागू शकते. अशा अविभाजित हिश्श्यावर गृहकर्ज मिळणंही कठीण. म्हणजे पैसे गुंतले आणि किल्ली नाही.

यातून मार्ग दोन. भाऊ-बहीण मिळून अख्खा फ्लॅट विकत असतील, तर कलम २२ चा प्रश्नच उरत नाही. किंवा बहीण भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करते. वडिलोपार्जित मालमत्तेत भावासाठी मोबदला न घेता केलं तर त्याला स्टॅम्प ड्युटी ५०० रुपये. इतक्या स्वस्तात होणारा कागद "नंतर करू" म्हणून टाळला जात असेल, तर घरात काहीतरी बिनसलेलं आहे असं समजावं आणि टोकन देऊ नये.

भाडेकरूला करारात लिहून दिलेल्या हक्काचं तसं नाही. तो ज्या कागदात आहे तो मागून वाचता येतो: मुदत किती, कळवायचं कसं, उत्तर आलं नाही तर काय. करार नोंदणीकृत असेल तर तुम्हाला तो माहीत होता असंच कायदा धरतो. नोंदणी नसली तरी एजंटने फोनवर सांगितलं म्हणजे तुम्हाला कळलंच. मग विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) अजाण खरेदीदाराला मिळणारं संरक्षण तुम्हाला मागता येत नाही. म्हणून भाडेकरूचा लेखी नकार घ्या, आणि त्यात किंमत, पैसे देण्याच्या अटी आणि तुमचं नाव असू द्या. नुसतं "माझी हरकत नाही" पुरत नाही. भाडेकरूने १ कोटी १० लाखांना नकार दिला आणि नंतर तुम्ही घासाघीस करून ९८ लाखांवर आणलं, तर त्या भावाला तो "मीच घेतो" म्हणू शकतो. किंमत बदलली की नकार नव्याने घ्यायचा.

नवी मुंबईत, नेरुळ-वाशीकडे, सिडको या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्यावरच्या घराला हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ती परवानगी मिळाली म्हणून वारसांचा प्रश्न सुटला असं होत नाही. तो वेगळाच सोडवावा लागतो.

दोन्हीकडे क्रम एकच: आधी सही किंवा नकार, मग वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस, मग टोकन. विकणारा घाई करत असेल, तर टोकनच्या पावतीवर "हक्कदाराने हक्क बजावल्यास पूर्ण रक्कम परत" एवढी ओळ मागा. ती लिहून द्यायला तो तयार नसेल, तर दुसरा फ्लॅट बघा.