ओसीटी की लेझरवाला वाइडफील्ड फोटो? पडद्याची टेस्ट ठरवताना

शुगर असेल किंवा मोठा मायनस नंबर असेल तर डोळ्याच्या दवाखान्यात हल्ली हमखास दोन नावं ऐकू येतात, ओसीटी (पडद्याचा उभा छेद दाखवणारा स्कॅन) आणि वाइडफील्ड (पडद्याचा मोठा भाग एकाच वेळी टिपणारा फोटो), आणि रेट ऐकून आपण विचारतो की यातलं एकच केलं तर चालेल का. चालेलही, पण कुठलं ते तुमचा त्रास काय आहे यावर ठरतं, किमतीवर नाही.

वाइडफील्डमध्ये ऑप्टॉस कंपनीचं मशीन जास्त माहितीतलं. स्कॉटलंडचे डग्लस अँडरसन, त्यांच्या मुलाचा पडदा सुटला, वेळेत कळलं नाही आणि एका डोळ्याची नजर गेली, त्यातून हे मशीन जन्माला आलं. लाल आणि हिरवा लेझर पडद्यावरून फिरतो आणि एका फोटोत साधारण ८२ टक्के पडदा येतो, तोही बहुतेक वेळा बाहुली मोठी न करता. पडद्याचा फोटो काढणाऱ्या साध्या (फंडस) कॅमेऱ्यात फक्त मधला भाग दिसतो. मात्र रंग खरे नसतात, कडेचा भाग ताणलेला दिसतो आणि पापण्यांचे केस मध्ये येतात, म्हणून फोटो काढताना दवाखान्यातले लोक बोटाने पापणी वर धरतात.

ओसीटी १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या टीमने आणलं. इन्फ्रारेड प्रकाश पडद्याच्या थरांवरून परत येतो त्यावरून उभा छेद दिसतो, काही मायक्रॉनपर्यंत बारीक. पडद्याच्या मध्यावर सूज आहे का, डोळ्यात इंजेक्शन लागेल का, घेतलेल्या इंजेक्शनने उतार पडला का, हे कळायला याला तोड नाही. पण कडेला भोक पडलं असेल तर नेहमीच्या ओसीटीला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणजे शुगर आहे आणि अक्षरं पुसट किंवा सरळ रेषा वाकडी दिसते, तर आधी ओसीटी. नजर ठीक आहे पण शुगर जुनी आहे किंवा नंबर मायनस सहाच्या पुढे, तर वाइडफील्ड.

आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर फोटोचा विचार सोडा, त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालून डॉक्टरांकडून कडेपर्यंत तपासून घ्या (ड्रॉपनंतर काही तास गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी न्या).

ओसीटी पुन्हा करायची असेल तर शक्यतो त्याच कंपनीच्या मशीनवर करा. रिपोर्टातल्या मधल्या गोलातला जाडीचा आकडा मशीन बदललं की बदलतो, आणि मग सूज खरंच वाढली की मशीनचाच फरक आहे यात डॉक्टरही अडकतात.