अंकी: आठ मिनिटांच्या अभ्यासासाठी ठीक

सरकारी नोकरी सांभाळून लोकप्रशासनात अर्धवेळ एम. ए. करतेय, दुसरं वर्ष. सलग दोन तास मिळतील या आशेवर पहिलं सत्र गेलं. मिळतात ती सात-आठ मिनिटं: सहीसाठी साहेबांच्या केबिनबाहेर, नाहीतर 'आत्ता सुरू होतेय' म्हणणाऱ्या बैठकीआधी. त्या मिनिटांसाठी अंकी घेतलं, दहा महिने झाले.

अंकी हे फ्लॅशकार्डांचं, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेल्या कार्डांचं सॉफ्टवेअर आहे. उत्तर आठवलं की कार्ड पुढच्या तारखेला जातं, विसरलं की लगेच परत येतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनच्या ॲपला पैसे पडतात. फोनवर इंटरनेट नसलं तरी चालतं. ऑफिसच्या संगणकावर काही टाकायची परवानगी नसेल तर ब्राउझरमध्ये अंकीवेब, म्हणजे त्याची वेबसाइट, उघडता येते. जेवणाच्या सुट्टीत हं, उगाच गैरसमज नको.

सुरुवातीला मी 'वेबर: नोकरशाहीची लक्षणं' असं एकच कार्ड केलं (मॅक्स वेबर, जर्मन समाजशास्त्रज्ञ), मागे सहा मुद्दे. रोज चार आठवायचे, दोन गळायचे, आणि सगळं कार्डच चुकलं म्हणायचं. शेवटी फोडून सहा केली. त्यातलं एक: 'अधिकार कशाला चिकटलेला असतो, माणसाला की पदाला?' उत्तर, पदाला. हे कार्ड माझी बदली झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी समोर आलं. पुन्हा कधी चुकलं नाही.

खरा त्रास थकबाकीचा. ऑडिट लागलं, बारा दिवस ॲप उघडलंच नाही. उघडलं तेव्हा ६१२ कार्डं! टपालासारखंच, आपण रजेवर असलो म्हणून आवक थांबत नाही. मूळ सेटिंग रोज २० नव्या कार्डांचं असतं. नोकरी करणाऱ्याने त्या नादी लागू नये. मी ७ वर आणलंय, थकबाकी असेल तेव्हा थेट ०. शिवाय २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून एफएसआरएस ही तारखा ठरवायची नवी पद्धत आली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी. किती टक्के लक्षात राहायला हवं, ते त्यात आपण सांगायचं. मूळचे ९० मी ८५ केले आणि रोजचा ढीग लगेच उतरला.

दिसायला रुक्ष आहे, त्याचं मला काही नाही. पण प्रबंधाला याचा उपयोग शून्य. हर्बर्ट सायमन या अभ्यासकाची मर्यादित तर्कशीलता, म्हणजे अपुरी माहिती आणि अपुरा वेळ असल्याने माणूस सर्वोत्तम नव्हे तर पुरेसा बरा निर्णय घेतो ही कल्पना, मी झोपेतही एका ओळीत सांगेन. तिच्यावर बारा पानं लिहायला सुट्टीची अख्खी सकाळ लागते, आणि नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन येतो.