वॉरंटीत असताना गाडी ऑइल पीत होती आणि सर्व्हिस सेंटर वेळ काढत होतं

एक्स्टेंडेड वॉरंटीचे 17,464 रुपये मी मोजले. त्या बदल्यात हातात काय पडलं? 1,21,730 रुपयांचं इंजिनाचं एस्टिमेट आणि "सर, तुमची वॉरंटी संपलीय आता" हे उत्तर. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे आणि ऑइल कमी होतंय, त्यांनी कृपया हे नीट वाचा. सर्व्हिस सेंटरवाले गोड बोलून कसं झुलवत ठेवतात ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. मला कसं झुलवलं तेवढं सांगतो.

गाडी 2019 च्या दसऱ्याला घेतली. 1.2 लिटर पेट्रोल, ऑन रोड 9,84,500. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी आणि वर तीन वर्षांची एक्स्टेंडेड, म्हणजे 2024 च्या दसऱ्यापर्यंत किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. एकही सर्व्हिसिंग चुकवली नाही, सगळ्या कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला. साडू कानीकपाळी ओरडत होता की ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे टाक, निम्म्या पैशात होईल. वॉरंटी जाईल म्हणून मी त्यालाच गप्प केलं. आता घरच्या कार्यात गाडीचा विषय निघाला की मी उठून दुसरीकडे जातो.

साधारण 52 हजार किलोमीटरला कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर ऑइलचा लाल दिवा लागून विझला. खाली सपाटीला थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढली तर नुसतं टोक ओलं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण कितीतरी जणांचा गैरसमज आहे: तो दिवा ऑइल किती उरलंय ते दाखवत नाही. ऑइलचं प्रेशर कमी झाल्यावर तो लागतो, म्हणजे पंप ऑइलऐवजी हवा ओढायला लागल्यावर. तोवर बेअरिंगांची वाट लागायला सुरुवात झालेली असते. दिव्याच्या भरवशावर राहू नका. दर हजार किलोमीटरला, सकाळी, सपाट जागी डिपस्टिक बघा आणि शेजारी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा.

सर्व्हिस ॲडव्हायझरने लिटरभर ऑइल ओतलं, 742 रुपयांचं बिल लावलं आणि म्हणाला, "सर, हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं. मॅन्युअलमध्येच दिलंय." ते खरंच दिलंय. बऱ्याच कंपन्या तसं छापतात. आता हिशेब करा. या इंजिनात ऑइल मावतं साडेतीन लिटर. सर्व्हिसिंग दर दहा हजाराला. म्हणजे त्यांच्या मते दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये दहा लिटर ऑइल जळालं तरी इंजिन ठणठणीत! माझी गाडी पहिले 45 हजार किलोमीटर थेंबभर ऑइल मागत नव्हती, मग पुढे हजाराला 700-800 मिली कसं लागायला लागलं, याचं उत्तर एकानेही दिलं नाही.

आणि इथेच ते घडलं, ज्याचा विचार करून अजूनही रात्री डोकं तापतं. त्या ॲडव्हायझरने टॅब माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर फक्त सहीचा चौकोन. वर काय लिहिलंय ते बघायचं तर स्क्रीन खाली ओढावी लागते, आणि टॅब तर त्याच्या हातात. काच तेलकट बोटांनी इतकी बरबटलेली की माझी सही उमटेना, त्याने बाहीने पुसली आणि म्हणाला, "परत करा सर." मी बोट फिरवलं. सकाळचे नऊ, मागे गाड्यांची रांग, मला ऑफिस गाठायचं. ऑइल कमी होतंय हे मी त्याला तोंडाने स्पष्ट सांगितलं होतं आणि त्याने मान डोलावून काहीतरी टाइपही केलं होतं. नंतर जॉबकार्डची पीडीएफ उघडली तेव्हा 'डिमांडेड रिपेअर्स', म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेली कामं, याखाली हे सापडलं: पेड सर्व्हिस, जनरल चेकअप, वॉशिंग. ऑइलबद्दल अवाक्षर नाही! आणि हे एकदाच झालेलं नाही, पुढच्या प्रत्येक जॉबकार्डवर तेच. कोणी म्हणेल वाचून सही करायची होती. मग मी विचारतो, गिऱ्हाइकाने सांगितलेली तक्रार लिहून घेणं हे कोणाचं काम? त्या माणसाला पगार कशाचा मिळतो?

टॅब स्वतःच्या हातात घ्या. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. लिहीत नसेल तर तिथेच उभं राहून सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांना ईमेल टाका, चेसिस नंबर आणि किलोमीटरसकट. फोनवर काही बोलू नका.

पुढे 'इंजिन डीकार्बनायझिंग', म्हणजे आतला कार्बन साफ करणं, केलं, 4,366 रुपये. प्लग बदलले, 2,180. फरक शून्य. पडणारही नव्हता, कारण हे सहसा पिस्टनच्या ऑइल रिंगचं दुखणं असतं. रिंगमध्ये कार्बन बसून ती अडकली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली जात नाही, वर जाऊन पेट्रोलबरोबर जळतं. व्हॉल्व्ह सील किंवा इंजिनातले वायू परत ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही असू शकतो, पण तो तपासायचीही तसदी कोणी घेतली नाही. मला दाखवला तो कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्या तपासणीचा कागद. "बघा सर, चारही सिलिंडर ओके." कॉम्प्रेशन धरून ठेवतात वरच्या दोन रिंगा. खालची ऑइल रिंग पूर्ण अडकली तरी तो आकडा छान येऊ शकतो. हे त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

शेवटी भांडून ऑइल कन्झम्पशन टेस्ट करायला लावली. ही टेस्ट कशी व्हायला हवी? नवं ऑइल आणि फिल्टर, लेव्हल बरोबर वरच्या खुणेपर्यंत, ड्रेन बोल्ट, फिलर कॅप आणि डिपस्टिक तिन्हींना सील, हजार किलोमीटर चालवून तुमच्या डोळ्यांसमोर मोजणी. माझ्या गाडीला त्यांनी ड्रेन बोल्टवर पिवळ्या रंगाचा एक फराटा मारला, बस्स. हजार झाल्यावर संध्याकाळी गाडी दिली तेव्हा ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं आणि काळंकुट्ट, फोटो आहे माझ्याकडे. "इंजिन थंड झाल्यावर सकाळी मोजतो" म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी डिपस्टिकवर ऑइल बरोबर मधोमध आणि रंगाने उजळ! रिपोर्ट: 380 मिली, मर्यादेत. मी फोटो पुढे केला तर म्हणे रात्रभरात ऑइल वरून खाली उतरतं, लेव्हल वाढते. वाढते, थोडीशी वाढते. अर्धी डिपस्टिक भरत नाही आणि जळकं ऑइल रात्रीत उजळत नाही. रात्री ओतलं, दुसरं काय! टेस्टची गाडी रात्रभर त्यांच्या ताब्यात सोडू नका.

आणखी एक सापळा. तोच ॲडव्हायझर म्हणाला होता, "सर, सारखं येण्यापेक्षा एक डबा डिकीत ठेवा." मी त्याच ग्रेडचं ऑइल बाहेरून घेऊन ठेवलं. 2025 च्या जानेवारीत निळा धूर इतका वाढला की मागचा दुचाकीवाला हात करून सांगायला लागला. गाडी घेऊन गेलो. इंजिन उघडायचेच 14,500 रुपये आधी भरा म्हणाले. वॉरंटी नाकारल्याची कारणं दोन: वॉरंटीच्या काळात टेस्ट ओके होती, आणि ग्राहकाने बाहेरचं ऑइल वापरलं. ज्याने डबा ठेवायला सांगितलं तो तेव्हा नोकरी सोडून गेलेला. सर्व्हिस सेंटरच्या टॉप-अपची बिलं जोडली तर 11,130 रुपये होतात. ती त्यांचीच छापील बिलं, दर बिलावर तारीख आणि किलोमीटर आहे. गाडी ऑइल पीत नव्हती तर ही बिलं कसली?

अमेरिकेत याच दुखण्यावर टोयोटाने 2015 मध्ये जुन्या कॅमरीच्या 2.4 लिटर इंजिनासाठी दुरुस्तीची मुदत 10 वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवून दिली होती. हे मी एरिया मॅनेजरला सांगितलं. "ते अमेरिकेत, सर." आपल्या पैशांची किंमत कमी आहे का?

मग दारं ठोठावली. कंपनीच्या कस्टमर केअरने तक्रार 'समाधानकारक निराकरण' असा शेरा मारून बंद केली, मला न विचारता. सरकारी हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडेच पाठवली, कंपनीने डीलरला, डीलरने लिहिलं 'गाडी मानकांनुसार', आणि तेच उत्तर मला परत. चोराची चौकशी चोराकडे! पोलीस म्हणाले दिवाणी मामला. आरटीओत म्हणाले एकट्याच्या तक्रारीवर रिकॉल होत नाही. इतका धूर सोडणारी गाडी पीयूसीत मात्र पास झाली.

ग्राहक आयोगात गेलो. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या मध्ये, म्हणून फी फक्त 200 रुपये, वकील सक्तीचा नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, इथवर कायदा उत्तम आहे. त्याच कायद्यात लिहिलंय की निकाल तीन महिन्यांत, तज्ज्ञाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे मुदत नाहीच, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ठणकावून सांगितलंय. प्रत्यक्षात काय? कंपनीच्या वकिलाने "नोटिशीबरोबरची पानं अस्पष्ट होती" एवढ्यावर तारीख घेतली आणि ती मिळालीही. मग सदस्याची जागा रिकामी, बोर्ड बसत नाही, पुढची तारीख. इंजिन तटस्थ तज्ज्ञाकडून तपासावं हा माझा अर्ज तसाच पडून आहे. दर तारखेला मी रजा टाकतो, त्यांचा वकील पगारी असतो. कंपनीला हेच हवंय, माणूस थकेपर्यंत ओढायचं. मी थकणार नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. टॉप-अपचं प्रत्येक बिल जपा, बाहेरचं ऑइल ओतू नका आणि ओतायला सांगितलं तर लेखी मागा. वॉरंटी संपायला महिना-दोन महिने उरले असतील आणि डिपस्टिक खाली जात असेल तर सर्व्हिसिंगची तारीख येण्याची वाट बघू नका, ईमेल आज टाका.