खणांचा प्लास्टिक डबा: नट-बोल्टसाठी कितपत कामाचा?

सरकत्या पडद्यांचा हा १८ खणांचा डबा एम ३ ते एम ६ (३ ते ६ मिमी जाडीचे) स्क्रू आणि फवारणी पंपाच्या वायसरांसाठी छान. एम १० बोल्ट भरू नका, वजनानं कडी तुटते. पडदे सैल आहेत. डबा उभा धरला की बारीक वायसर शेजारच्या खणात घुसतात.

एम ८ आणि अडीच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट मात्र वेगळ्याच खणात हवेत. जाडी ८ आणि ७.९४ मिमी, नजरेला फरक कळत नाही. पण दोन आट्यांमधलं अंतर १.२५ आणि १.४१ मिमी. नट थोडा चढून अडकतो, पाना दाबला की आटे मेले! डवऱ्याच्या (कोळपणीच्या अवजाराच्या) दुरुस्तीत हीच गफलत होते.

विदर्भाच्या मे महिन्यात टिनाखाली झाकण वाकतं, भिंतीलगत सावलीत ठेवा. पावसाळ्याआधी बोल्टला तेलाचा हात द्या.