एटिमऑनलाइन : ‘ड्वेल’ या क्रियापदावर पारखलेला व्युत्पत्तिकोश

डग्लस हार्पर यांनी संकलित केलेली ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, म्हणजेच एटिमऑनलाइन, हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. अशा कोशाचा कस सरळ वाटेने आलेल्या शब्दावर लागत नाही. ‘स्टे’ हे क्रियापद लॅटिनमधील उभे राहण्याच्या धातूतून फ्रेंचमार्गे आले आणि संस्कृत ‘स्था’ त्याच कुळातला, एवढे सांगणे कोणत्याही बऱ्या कोशाला जमते. ‘ड्वेल’चे तसे नाही.

आज ‘ड्वेल’ म्हणजे वास्तव्य करणे. जुन्या इंग्रजीत मात्र त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ दिशाभूल करणे, फसवणे असा होता. भुलवण्यातून घर करण्यापर्यंतची ही वाटचाल नोंदीत पायरीपायरीने लावलेली आहे : मध्ययुगीन इंग्रजीत आधी विलंब करणे, मग रेंगाळणे आणि मुक्काम करणे, आणि अखेरीस कायमचे राहणे. टप्प्यांपुढे स्थूलमानाने काळ दिलेला असल्यामुळे, आणि शेजारीच प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतला खोळंबवणे या अर्थाचा सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेला, शब्द असल्यामुळे, मधला दुवा वाचकाच्या आपोआप लक्षात येतो. एखाद्या मुद्द्यावर मन घोळत ठेवणे हा अर्थही याच रेंगाळण्यातून निघाला आहे. चार-पाच ओळींत इतके बसवणे ही संकलकाची खरी हातोटी होय.

नोंद शेवटी धूळ, धूर, वाफ या अर्थांच्या मूळ धातूपाशी पोहोचते आणि संस्कृत ‘धूम’ त्याच धातूच्या परिवारात सापडतो. मराठी वाचक येथे हरखून जाणार हे उघड आहे, पण त्याने जरा दमाने घ्यावे. असे मूळ धातू कोशात तारकाचिन्ह लावून दिलेले असतात, आणि ही तारांकित रूपे लेखी पुराव्यात आढळलेली नसून तुलनेवरून पुनर्रचित केलेली असतात. धुरापासून बुद्धिभ्रमापर्यंतची, म्हणजे पुढे भुलवण्याच्या अर्थाला पोहोचवणारी, उडी संभाव्य असली, तरी ‘ड्वेल’च्या नोंदलेल्या अर्थांइतकी ती भक्कम नाही. नोंदीच्या संक्षिप्त शैलीत हा फरक पुरेसा ठसत नाही, असे माझे मत आहे.

दुसरी उणीव अवतरणांची आहे. ऑक्सफर्डचा बृहत्कोश प्रत्येक अर्थाखाली जुन्या ग्रंथांतील सालवार उदाहरणे देतो. येथे बहुधा केवळ निष्कर्ष मिळतो. ऑक्सफर्डला वर्गणी पडते हे खरे, तरीही लेखात एखाद्या अर्थाचे साल ठामपणे छापायचे असेल, तर ग्रंथालयाच्या सदस्यत्वातून तो पाहून घ्यावा. अनुवादकांना आणि इंग्रजीच्या शिक्षकांना रोजच्या वापरासाठी मात्र मी एटिमऑनलाइनच सुचवीन.