ब्लॅक लिकरमधून लिग्निन: थेट ॲसिड की कार्बन डायऑक्साइड?

लाकूड किंवा पेंढा शिजवून कागदाचा लगदा, म्हणजे पल्प, काढला की मागे उरतं ते काळं, अल्कधर्मी द्रावण म्हणजे ब्लॅक लिकर; तंतूंना जोडून ठेवणारं लिग्निन त्यात विरघळलेलं असतं. हे लिकर जाळून रसायनं परत मिळवणारा रिकव्हरी बॉयलर भरून चालतोय आणि पल्प वाढवायचाय, मग त्याचा भार हलका करायला थोडं लिग्निन बाहेर काढायचा विचार येतोच. पीएच उतरवला की ते घन होऊन सुटतं. प्रश्न उरतो, लिकरचा पीएच कशाने उतरवायचा? मी दोन्ही करून पाहिलंय.

थेट सल्फ्युरिक ॲसिडचं मांडणं सोपं. टाकी, पंप, स्टरर, एवढ्यात भागतं, आणि लिग्निनही भराभर सुटतं. पण मला नडलं ते फिल्टरवर. ॲसिड पडतं तिथे पीएच एकदम कोसळतो, कण फार बारीक होतात आणि कापडाची छिद्रं बुजतात. केक, म्हणजे कापडावर उरणारा गाळ, म्हणून हाताला लागायची ती तपकिरी, बुळबुळीत खळ, बोटांतून निसटणारी. दाब वाढवला की ती आणखी घट्ट दबायची आणि पाणी थेंबाथेंबाने यायचं. अर्धी पाळी कापड धुण्यात जायची. शिवाय सल्फाइड असलेल्या लिकरमध्ये ॲसिड म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. तो जास्त झाला की वास येणंच थांबतं, म्हणून इथे नाकावर विसंबू नका, मीटर हवाच.

कार्बन डायऑक्साइडने पीएच १३ वरून १० च्या आसपास सावकाश उतरतो. लिकर आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या मधल्या टप्प्यातलं, ३०-४० टक्के घन असलेलं गरम लिकर घेतलं, तर कण ठसठशीत होतात आणि केक कापडावरून सुटून पडतो. पहिल्यांदा तो तसा पडला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

खोच पुढे आहे. केक फिल्टरवरच पाण्याने धुतला, तर आतले क्षार निघून जातात पण पीएच चढाच राहतो, लिग्निन पुन्हा विरघळू लागतं आणि परत तीच खळ. म्हणून तो काढून आम्लयुक्त पाण्यात, पीएच २-३ ला, पुन्हा घोळायचा आणि मग गाळून धुवायचा. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या लिग्नोबूस्ट या प्रक्रियेचं मर्म हेच. अमेरिकेत प्लिमथच्या मिलमध्ये ती २०१३ मध्ये व्यापारी पातळीवर सुरू झाली.

म्हणजे ॲसिड इथेही लागतंच, पण बरंच कमी. हा फरक मोठा, कारण गाळलेलं पाणी इव्हॅपोरेटरकडे परत जातं आणि त्याच्याबरोबर गंधकही. तो साचला की बाहेर काढायला बॉयलरची राख टाकून द्यावी लागते, तिच्यासोबत सोडियम जातं आणि कॉस्टिक सोडा विकत घेऊन भरून काढावं लागतं.

वायूचा खर्च मात्र खरा आहे. तुमचं लिकर वेगळं असेल, विशेषतः गवत-पेंढ्याचं, तर सिलिकाही लिग्निनबरोबर खाली येईल. तरी मला निवडायला सांगाल, तर मी कार्बन डायऑक्साइडकडेच झुकेन. ठरवण्याआधी आपल्याच लिकरच्या दोन बादल्या दोन्ही रीतींनी गाळून पाहा, आणि घड्याळ लावा ते धुण्याच्या टप्प्याला.